रक्तपेशींची चमक आणि सोन्याचांदीचे कण: हा विषय आला कुठून

रक्तपेशींवर प्रकाश टाकला की त्या स्वतःच थोड्या चमकतात, आणि सोन्याचांदीचे अतिबारीक कण जवळ आले की ती चमक वाढते की विझते, हा आपला विषय. सोन्याचे असे कण पाण्यात लाल दिसतात हे १८५७ मध्येच लंडनला एकाने दाखवून दिलेलं, पण तेव्हा रक्ताचा संबंधच नव्हता, सो ते सोडून देऊ. १९७० च्या आसपास कळलं की चमकणारा रेणू धातूच्या आरशाजवळ नेला की त्याची चमक टिकायचा वेळच बदलतो. त्याच दशकात शिशाची विषबाधा पकडायला तांबड्या पेशींतल्या झिंक प्रोटोपोर्फिरिनची (शिशामुळे पेशीत साठणारं, चमकणारं द्रव्य) चमक रक्ताच्या थेंबावरच मोजणारी मशिन्स निघाली. या दोन्ही लायनींचा तेव्हा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

खरी गंमत २००० नंतरची. २००६ मध्ये ८० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) सोन्याचा एकच कण एका रेणूजवळ नेऊन बघितलं, साधारण ५ नॅनोमीटरवर चमक सगळ्यात जास्त आणि त्याहून जवळ नेलं की विझायला लागते. रक्तात तर कणावर लगेच प्रोटीनचा थर चढतो, मग हे अंतर ठरवणार कोण?

पण भांडण वेगळ्याच गोष्टीवर आहे, पेशी धुऊन वेगळ्या घ्यायच्या की रक्त नुसतं पातळ करून कण टाकायचे. पातळ करणं सोपं, म्हणून बरेच जण तेच करतात आणि रीडिंग पडलं की धातूने चमक विझवली असं लिहून मोकळे. अहो पण हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दणकून पितं, चांदीचे छोटे कण ४०० च्या आसपास पितात, सोन्याचे ५२० ला, आणि पांढऱ्या पेशींतलं फ्लेविन (पेशीतलं नैसर्गिक चमकणारं द्रव्य) चमकतं तेच मुळी ५३० च्या जवळपास! म्हणजे पेशीला काहीच झालं नाही तरी आकडा पडणार. त्यात चांदीने तांबड्या पेशी फुटल्या तर हिमोग्लोबिन बाहेर येऊन अजून घोळ. माझ्या मते असा पिलेला प्रकाश हिशोबात धरून केलेलं करेक्शन आणि लाइफटाइम, म्हणजे वर म्हटलेला चमक टिकायचा वेळ, नसेल तर असा निकाल मानूच नये, पण लाइफटाइम मोजायचं मशीन महाग, तिथेच सगळं अडतं.

आता आपल्या नाशकात प्रोजेक्टवाली पोरं द्राक्षाच्या पाल्याचा नाहीतर बियांचा अर्क सिल्व्हर नायट्रेटमध्ये घालून कण बनवतात, स्वस्तात काम होतं आणि पाला काय, पिंपळगावात हवा तेवढा. फक्त अर्कातली पॉलिफेनॉल्स (झाडातली नैसर्गिक रसायनं) अल्ट्राव्हायोलेटमध्ये स्वतःच निळसर चमकतात, आणि नुसत्या अर्काचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी फक्त अर्काची वेगळी चाचणी, लावलेला नसेल तर वाढलेली चमक पेशीची की पाल्याची हे त्या ग्राफवरून कुणालाच सांगता येत नाही.