हृदय वाचवणारी मेदाची कुपी

डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीतलं जुनं, खात्रीचं औषध. रंगाने लाल. पेशीच्या डीएनएत अडकून ते तिचं विभाजन थांबवतं. पण त्याची एकूण मात्रा वाढत गेली की हृदयाचे स्नायू दुबळे होतात आणि ते नुकसान सहसा भरून येत नाही. म्हणून आजवर किती औषध दिलं याचा हिशेब डॉक्टर ठेवतात. गाठ कमी होत असतानाही कधीकधी औषध थांबवावं लागतं.

यातून वाट निघाली ती मेदाच्या रेणूंमुळे. लेसिथिनसारख्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, तर शेपट्या पाणी टाळतात. त्यामुळे पाण्यात हे रेणू दुहेरी थर करून आपोआप मिटतात आणि पोकळ गोळा तयार होतो. 1960च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी असे गोळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हेच लायपोसोम, म्हणजे मेदाची कुपी.

या कुपीत औषध भरायचं कसं? जेरुसलेममध्ये येहेझ्केल बारेनहोल्झ, अल्बर्टो गाबिझॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेली युक्ती मला या साऱ्या कथेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. कुपीत आधी अमोनियम सल्फेट भरायचं आणि बाहेरचं काढून टाकायचं. आतला अमोनिया हळूहळू निसटतो, आत आम्लता उरते. डॉक्सोरुबिसिन भिंतीतून आत शिरतं, तिथे त्याच्यावर विद्युतभार येतो, मग त्याला बाहेर पडता येत नाही. सल्फेटबरोबर त्याचे चक्क स्फटिक बनतात! जेमतेम 100 नॅनोमीटरच्या कुपीत औषधाचे दहा हजारांहून जास्त रेणू मावतात. यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींनी कुपी लगेच गिळू नये म्हणून तिच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकोलचं आवरण असतं. त्यामुळे ती काही दिवस रक्तात फिरत राहते. 1995 मध्ये अमेरिकेत ‘डॉक्सिल’ या नावाने हे औषध मान्य झालं.

गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या, झिरपणाऱ्या असतात. तिथे मोठे रेणू साचतात, हे 1986 मध्ये जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं. कुपीही तिथेच साचेल या आशेने अशा औषधांना ‘नेमका मारा’ म्हटलं जातं, पण या शब्दांवर फार भिस्त ठेवू नये. प्राण्यांवरच्या शेकडो प्रयोगांचा आढावा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गाठीपर्यंत पोहोचलेल्या नॅनोकणांचं (कुपीसारख्या अतिसूक्ष्म कणांचं) मध्यक प्रमाण टोचलेल्या मात्रेच्या अवघं 0.7 टक्के निघालं.

तरीही हे औषध मोलाचं आहे. हृदयातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असल्याने कुपी तिथे सहजी शिरत नाही. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या चाचणीत परिणाम साध्या डॉक्सोरुबिसिनइतकाच दिसला, हृदयाला होणारा अपाय मात्र बराच कमी. त्याबदल्यात तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास वाढला.

2011 मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला. अशा कुप्या एकसारख्या आकाराच्या बनवणं सोपं नाही, त्यामुळे पर्यायी उत्पादक पटकन उभा राहीना. 2012 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचं ‘लिपोडॉक्स’ तात्पुरतं आयात करू दिलं. पुढच्याच वर्षी याच कंपनीच्या जेनेरिक औषधाला तिथे रीतसर मान्यता मिळाली.