गरम झाल्यावर गाडी स्लोला (उभी असताना, ॲक्सिलेटर न दाबता) थरथरते म्हणजे पेट्रोल भेसळीचंच, असं काही नाही

"गरम गाडी सिग्नलला थरथरली की समजा पेट्रोलमधी पाणी, टाकी धुऊन घ्या", हे किती वर्षांपासून फिरून ऱ्हायलंय. ऐकायला पटतंय, कारण भेसळीनं गाडी बिघडते हे खरंच आहे. पण जरा बघा, सकाळी थंड गाडीत पेट्रोल तेच असतंय ना? पाणी असतं तर बहुतेक वेळा स्टार्ट करतानाच त्रास दिला असता, पिकपला पण झटके मारले असते.

होतं काय, थंड इंजिनाला गाडीतला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देतो आणि आरपीएम (मिनिटाला इंजिनाचे फेरे) हजार-बाराशेवर ठेवतो, त्याच्यात बारीकसारीक दोष झाकून जातात. गरम झालं की आरपीएम सातशे-आठशेवर येतो, मग थ्रॉटल बॉडीतला (इंजिनात हवा सोडणारा भाग) काळा कार्बन, कमजोर कॉइल (स्पार्क प्लगला करंट देणारी), बसलेलं माउंटिंग (इंजिनाखालचा रबरी आधार), सगळं उघडं पडतं. जालन्याहून अंबडला मे महिन्याच्या उन्हात एसी लावून जा, लगेच कळतंय.

बघायचं कसं? एसीचा भार इंजिनावर येतो, म्हणून एसी बंद-चालू करून थरथरीत फरक बघा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअरमध्ये ब्रेक दाबून थरथर वाढली, न्यूट्रलला कमी झाली तर आधी माउंटिंगकडं बघा. मिस्त्रीकडं स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावा, पी०३०१ कोड आला तर पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथं पेट्रोल नीट पेटत नाही. इंजिन थंड झाल्यावर त्याची कॉइल दोन नंबरच्या सिलिंडरच्या कॉइलशी अदलाबदल करा, कोड पी०३०२ झाला तर कॉइलच गेलीय. कोडच नाही? मग थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, टाकी उतरवण्यापेक्षा लई स्वस्त पडतंय.