पार्श्वभूमी : यंत्र शिकवलं, सांगणं राहिलं

सोलापुरातल्या कामगार वस्त्यांत मुलांना संगणक, व्हिडिओ, मोबाइलवरची बातमीदारी शिकवायची गोष्ट निघाली, की बोलणाऱ्याच्या सुरात एक गृहीत असतं. ही पोरं यंत्राला पहिल्यांदाच हात लावणार, असं ते गृहीत. खरं तर या गावातल्या गरीब घरांची यंत्राशी ओळख दीडशे वर्षांची आहे. सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, म्हणजे आपली ‘जुनी मिल’, १८७७ ला सुरू झाली. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि तेलंगणातले पद्मशाली विणकर, कर्नाटकातले शेतमजूर, मराठवाड्यातली दुष्काळाने उठलेली घरं भोंग्याच्या वेळेवर जगू लागली.

काम शिकवायला शाळा नव्हती. जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या मागे फिरायचं, बदली म्हणून उभं राहायचं, हात बसला की कायम व्हायचं. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची ‘सेटलमेंट’ याच शहरात होती. तारेच्या कुंपणाआड हजेरी द्यायची आणि तिथूनच गिरणीत कामाला जायचं. ज्या कायद्याने त्यांना गुन्हेगार ठरवलं तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. वस्तीचं नाव मात्र आजही सेटलमेंट फ्री कॉलनीच आहे.

हे झालं हाताचं शिक्षण. तोंडाच्या शिक्षणाचा इतिहास वेगळा आहे, आणि त्याबद्दल आपण कमी बोलतो. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी दिलं : मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन तेव्हा जेमतेम विशीतले. गरीब घरातला, गिरणी कामगारांत वावरणारा हा तरुण ‘गझनफर’ नावाचं वृत्तपत्र चालवत होता. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्या किती जणांना त्यांतला एक संपादक होता हे आठवतं, कोण जाणे. कामगार वस्तीतलं पोर, हातात छापलेला कागद, आणि सरकारला त्याची धास्ती. माध्यम-प्रशिक्षणाचा सोलापुरातला आरंभ शोधायचा तर तो मला इथे दिसतो, कुठल्या योजनेच्या शासन निर्णयात नव्हे.

पुढे या दोन वाटा फुटल्या. यंत्राची वाट चालू राहिली. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तसा माग शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घराघरांत आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेला. चादरीवरचा मोर किंवा गुलाब ज्या जकार्ड यंत्रावर उमटतो, त्याचं तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचं. पुठ्ठ्याच्या पत्त्यात भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. संगणकाचा होय-नाहीचा हिशेब याच्याच कुळातला. ग्राफ पेपरवर चौकोन भरून नक्षी काढणारा आणि त्यावरून पत्ते पाडणारा कारागीर एका अर्थाने प्रोग्रामिंगच करत होता. त्याला ते कुणी तसं सांगितलं नाही, आणि त्याचं प्रमाणपत्रही कुणी दिलं नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते मालाला. नक्षीकाराला नाही.

विडीकाम करणाऱ्या घरांची तऱ्हा निराळी. हजार विड्यांमागे मजुरी, त्यामुळे पोरीही शाळेतून आल्यावर आईशेजारी बसणार. १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधी कायद्यातून मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली. वह्या-पुस्तकांना तिचा आधार झाला. यंत्र तिच्यात बसत नव्हतं. दहावी-बारावीनंतर ज्यांना नोकरी दिसत होती ते टायपिंगच्या क्लासला जात. मराठी तीस, इंग्रजी चाळीस. एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) २००१ मध्ये स्थापन झाली, २००२ ला तिची एमएस-सीआयटी ही संगणक साक्षरतेची परीक्षा आली, आणि त्याच खोल्यांत टाइपरायटरच्या जागी संगणक बसले. सरकारी नोकरीसाठी ही परीक्षा लागते म्हणून ती गल्लीगल्लीत पोचली. एवढ्या खालपर्यंत गेलेला दुसरा अभ्यासक्रम मला आठवत नाही. पण तिचा रोख कचेरीकडेच राहिला : पत्र टाइप करा, तक्ता भरा. आपल्या वस्तीत पाणी चार दिवसांआड का येतं याची बातमी कशी करायची, हे तिच्यात नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं.

ती दुसरी, सांगण्याची वाट आजूबाजूने जात राहिली. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेडोपाडी टीव्ही नेण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला. त्यात शेजारचे विजापूर आणि गुलबर्गा होते, महाराष्ट्र नव्हता. सामुदायिक रेडिओ २००२ ला शिक्षणसंस्थांसाठी आणि २००६ ला स्वयंसेवी संस्थांसाठी खुला झाला. माळशिरस-सांगोल्याला लागून असलेल्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडला, असं केंद्र उभंही राहिलं. सोलापूर विद्यापीठ २००४ चं, तिथे पत्रकारिता शिकवली जाते. पण तिथे पोचायला पदवी लागते, आणि दहावीनंतर मागावर किंवा दुकानात लागलेलं पोर पदवीपर्यंत जात नाही. विद्यापीठ पुणे रोडला, तर कुंभारी शहराच्या दुसऱ्या टोकाला. या कुंभारीत विडी कामगारांसाठी २००६ मध्ये दहा हजार घरं झाली. शेजारच्या रे नगर या कामगार वसाहतीची पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. वर्ग कुठे लागायला हवेत हे शोधायला नकाशा उघडायची गरज नाही.

या सगळ्यात एक उदाहरण उलट्या दिशेने गेलं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याने ते आपल्या पुस्तकांत घेतले आणि डिसेंबर २०२० मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. बक्षिसाची बातमी सगळ्यांनी वाचली. तिच्यातली कामाची गोष्ट वेगळी आहे : यंत्र वरून आलं नाही, वर्गातल्या अडचणीवरून आलं. मात्र त्याच वर्षी टाळेबंदीत हेही कळलं, की कोड स्कॅन करायला घरात फोन लागतो, आणि घरातला एकच फोन सकाळी वडिलांबरोबर कामाला जातो.

आता फोन बहुतेक घरांत आहे, कॅमेराही त्यातच. उरतो भाषेचा प्रश्न, जो जुन्या मिलपासून तसाच आहे. पूर्व भागातलं पोर घरी तेलुगू बोलतं, शाळेत मराठी, दुकानात दोन्ही. नई जिंदगी वस्तीतलं उर्दू, अक्कलकोट नाक्यापलीकडचं कन्नड. महापालिकेने या भाषांच्या शाळा चालवल्या. संगणकाचा क्लास मराठी आणि इंग्रजीपुढे सहसा गेला नाही. विडी वळणाऱ्या आईची मुलाखत मुलगी घेईल ती तेलुगूतच घेईल. तिला शिकवणाऱ्याला ती भाषा समजली पाहिजे.