सात फरश्यांचं अंतर

दिवाळीनंतर आमच्या अमळनेरकडे कित्येक घरांत पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरलेली असते. भाव वाढेल या आशेवर तो फाल्गुनापर्यंत पडून राहतो, आणि त्या उबेला एखादी मांजर हमखास विते. गेल्या वर्षी व्यापाऱ्याची गाडी कापूस घेऊन गेली तेव्हा मागे राहिली तीन महिन्यांची एक कबरी मांजरी. तिची आई केव्हाच दुसरीकडे गेलेली. मी सात शहाबादी फरश्या लांब बसलो तर ती कोठीमागून नुसती बघायची. सहावीवर सरकलो की कान मागे, एक फिस्स्, आणि गायब.

"मांजराची जातच बेइमान," शेजारचे काका म्हणाले. इमानाचा यात संबंध नाही, वयाचा आहे. माणूस आपला की परका, हे मांजराचं पिलू मुख्यतः दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात शिकतं. टेम्पल विद्यापीठातल्या एलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात या वयातली पिलं रोज हाताळून पाहिली. रोज ४० मिनिटं हाताळलेली पिलं १५ मिनिटंवाल्यांपेक्षा माणसाजवळ जास्त रमली. स्वभावात बापाचाही वाटा असतो. धीट, माणसाळलेल्या बोक्याची पिलं नव्या वस्तूजवळही बिनधास्त जातात, असं सॅन्ड्रा मॅक्यून यांना १९९५मध्ये दिसलं, आणि तेही बापाचं तोंड न पाहिलेल्या पिलांमध्ये! आमच्या कबरीचे ते आठवडे कापसाच्या ढिगाआड गेले होते. वाफसा हुकला की पेरणी अगदीच होत नाही असं नाही, पण मग मेहनत दुप्पट.

पहिली चूक मीच केली. पोत्याखाली धरून तिला मधल्या खोलीत आणलं, आणि ती दोन दिवस जेवली नाही. लपायला जागा नसलेलं मांजर सतत सावध असतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४मध्ये निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना नुसती खोकी दिली. खोकं मिळालेल्यांचा ताण पहिल्या दिवसांत लवकर उतरला. आम्हीही मिक्सरचं रिकामं खोकं भिंतीशी आडवं ठेवलं आणि त्यात हात घालायचा नाही, असा घरात कायदा केला.

पुढचं काम आईने केलं. "तिले हात लावू नको, भूक लागनी की यीच ती," एवढंच तिचं शास्त्र. रोज त्याच वेळी ताटलीवर चमचा वाजवायचा, ताटली ठेवायची, लांब बसून शेंगा सोलायच्या. माणूस दिसला की पोट भरतं, आणि तो अंगावर येत नाही, ही जोडी शेकडो वेळा जुळावी लागते. एकदा झडप घातली की आठवड्याची कमाई बुडाली.

आपल्याकडे डोळे मिटून दूध पिणारं मांजर म्हणजे लबाड. पण मांजराच्या भाषेत टक लावून पाहणं ही धमकी, आणि सावकाश डोळे मिटणं म्हणजे "मी निवांत आहे". ससेक्स विद्यापीठाच्या गटाने २०२०मध्ये हे तपासलं. अनोळखी माणसाने आधी सावकाश डोळे मिचकावले तर त्याने पुढे केलेल्या हाताकडे मांजरं जास्त वेळा आली. मी ओट्याच्या दारात बसून कबरीकडे डोळे मिचकावत असताना पोस्टमनने मला पाहिलं, तो प्रसंग सांगण्यासारखा नाही.

दुधाचं मात्र चुकतंच. मोठ्या मांजरांच्या पोटात दूध पचवणारं लॅक्टेज बहुधा कमी झालेलं असतं. वाटीभर दुधाने जुलाब होतात. शिवाय टॉरिन हे द्रव्य त्यांना पुरेसं बनवता येत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळतं; ते कमी पडलं की डोळे आणि हृदय बिघडतं. आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही, पण मांजराच्या खाद्याचं पाकीट चालतं. हा तोडगा आईचाच.

घाणीसाठी बोरी नदीची चाळलेली बारीक वाळू घमेल्यात, जेवणापासून लांब. ही सवय दोन दिवसांत लागली, कारण पुरणं तिच्या अंगातच आहे.

चैत्रात कूलर सुरू झाला आणि सगळं पुन्हा सातव्या फरशीवर गेलं. माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६४ हजारांच्याही पुढे. आपल्याला जी नुसती घरघर, तिच्यात तिला आणखी काय काय ऐकू येत असेल! कूलर आधी लांबच्या खोलीत, मंद लावून सवय करावी लागली. शेवटी उन्हानेच मदत केली. पारा ४४च्या वर गेल्यावर गार फरशीचा मोह तिला आवरेना.

ओरखडा किंवा चावा बसला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीज मांजरापासूनही होतो. मांजराला लस आणि नसबंदी, दोन्ही करून घ्यावं.

कबरी आता दीड वर्षाची आहे. शेपटी उभी करून येते, पायाला गाल घासते, म्हणजे तिथल्या ग्रंथींचा वास लावून मला आपल्यात धरते. उचलून मात्र अजून घेऊ देत नाही. पाहुणे आले की मोजून सात फरश्या.