मास्कआडचे भाव कोण ओळखतं? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

आपण नाक मुरडतो, तोंड पाडतो, गालातल्या गालात हसतो, डोळे वटारतो. कुठला भाव चेहऱ्यावर कुठे उमटतो, हे मराठी वाक्प्रचारांनी केव्हाच टिपून ठेवलंय. २०२० साली निम्मा चेहरा मास्कखाली गेला आणि यातले वटारलेले डोळेच काय ते स्पष्ट दिसायचे राहिले. तेव्हा संशोधकांपुढे एक जुना प्रश्न नव्याने आला : चेहरा वाचण्यात बायका पुरुषांपेक्षा सरस असतात म्हणतात, तर मग नुसत्या डोळ्यांवरूनही त्या भाव जास्त अचूक ओळखतात का?

डोळे की तोंड, हा वाद त्याहून जुना. फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा हलका प्रवाह देऊन पाहिलं आणि १८६२ मध्ये लिहिलं, की खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो. ठरवून हसताना तो सहसा साथ देत नाही. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या नाइट डनलॅप यांनी छायाचित्रं आडवी कापून एका भावाचे डोळे दुसऱ्या भावाच्या तोंडाला जोडले. पाहणाऱ्यांनी कौल दिला तो बहुतेक वेळा तोंडाकडे बघून.

स्त्री-पुरुष फरकाचा पहिला मोठा हिशेब जुडिथ हॉल यांनी १९७८ मध्ये मांडला. चेहरा, देहबोली आणि आवाज यांवरून भावना ओळखण्याचे ७५ अभ्यास त्यांनी एकत्र तपासले. स्त्रिया पुढे होत्या. ओळखणारी व्यक्ती लहान असो वा मोठी, समोर बाई असो वा पुरुष, त्याने या फरकात फारसा बदल होत नव्हता. मात्र २०१४ मध्ये थॉम्पसन आणि व्हॉयर यांनी पुन्हा आकडेमोड केली, तेव्हा एकूण फरक लहानच निघाला. 'बाईला मन कळतं' असं आपण ज्या ठामपणे म्हणतो, तेवढा आधार त्या आकड्यांत नाही.

मला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो कारणांच्या शोधाचा. सारा स्नॉडग्रास यांनी १९८५ मध्ये जोड्या करून एकाला प्रमुख आणि दुसऱ्याला हाताखालचा नेमलं. प्रमुखाला आपल्याबद्दल काय वाटतंय, हे हाताखालच्या माणसाला जास्त कळत होतं, मग तो पुरुष असो की स्त्री. ज्याला दुसऱ्याची मर्जी सांभाळावी लागते, त्याचं लक्ष समोरच्या चेहऱ्यावर असणारच. कित्येक घरांतल्या सुनांना हे प्रयोगाविना ठाऊक आहे. २००१ मध्ये क्लाइन आणि हॉजेस यांनी दुसऱ्याचं मन अचूक ओळखण्यासाठी पैसे देऊ केले, तर पुरुषांची आणि स्त्रियांची कामगिरी सारखी झाली. म्हणजे जन्मजात देणगीइतकीच गरजेची आणि सवयीचीही ही गोष्ट आहे.

मास्कचा प्रश्न थेट जोडला जातो तो २०१० च्या एका लहान अभ्यासाशी. १९ पुरुष आणि २० स्त्रिया चेहऱ्यावरचे भाव ओळखत असताना त्यांची नजर कुठे जाते, हे यंत्राने मोजलं गेलं. स्त्रिया डोळ्यांकडे जास्त वेळ बघत होत्या, आणि जे डोळ्यांकडे जास्त बघत त्यांची उत्तरं जास्त अचूक येत. साहजिकच वाटलं, की तोंड झाकलं तर पुरुषांचीच जास्त अडचण होईल.

प्रत्यक्षात निकाल एकसारखे आले नाहीत. काही अभ्यासांत स्त्रियांची आघाडी टिकली, काहींत फरक सापडलाच नाही. मास्कमुळे झालेली घट मात्र ठळक होती. जर्मनीतल्या बाम्बेर्ग विद्यापीठाचे क्लाउस-क्रिस्टियान कार्बन यांनी २०२० मध्येच ४१ जणांना १२ चेहरे मास्कसह आणि मास्कविना दाखवले. मास्क असला की आनंदी आणि दुःखी चेहरेही अनेकांना निर्विकार वाटत. भीती बहुतेकांनी ओळखली, कारण ती विस्फारलेल्या डोळ्यांत असते. आणि किळस आलेल्या माणसाला लोक रागावलेला समजत होते : मुरडलेलं नाक मास्कखाली गेलं होतं, आक्रसलेल्या भुवया तेवढ्या वर दिसत होत्या.