एमएमएमध्ये दमाचा हिशोब कधी सुरू झाला?

एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र चालणाऱ्या लढतीत, पहिल्याच फेरीत एखादा लढवय्या तुटून पडला की प्रेक्षक उठून उभे राहतात. जाणकारांची नजर मात्र त्याच्या तोंडाकडे असते: श्वास नाकाने चाललाय, की तोंड उघडं पडलंय? दम कुठे खर्चायचा आणि कुठे राखायचा, हे आज प्रत्येक कोचच्या डोक्यात असतं. या विचाराला हे वळण नियमांनी, विशेषतः घड्याळाने दिलं.

यूएफसी ही अमेरिकेतली एमएमए स्पर्धा नोव्हेंबर १९९३ मध्ये डेन्व्हरला सुरू झाली, तेव्हा गुण देणारे पंचच नव्हते. त्यामुळे वाट पाहणाऱ्याचं काही बिघडत नसे. ब्राझीलच्या जुजुत्सू घराण्यातल्या हॉइस ग्रेसीचा सगळा खेळ याच सबुरीवर उभा होता. डिसेंबर १९९४ च्या अंतिम लढतीत कितीतरी वजनदार डॅन सेव्हर्नच्या खाली तो पंधरा मिनिटांहून जास्त वेळ पडून राहिला आणि शेवटी पायांनी गळा आवळून जिंकला. पण तोवर प्रक्षेपणाची वेळ संपली होती. पैसे भरून बघणाऱ्या अनेकांना शेवट दिसलाच नाही. पुढच्याच स्पर्धेत वेळमर्यादा आली, ती मुख्यतः टीव्हीच्या सोयीसाठी! तिथे ग्रेसी आणि केन शॅमरॉक ३६ मिनिटं एकमेकांना धरून राहिले. निकाल बरोबरी.

खरा धडा मिळाला तो जुलै १९९७ मध्ये. हेवीवेट विजेता मार्क कोलमन हा ताकदीचा कुस्तीगीर. समोरचा मॉरिस स्मिथ किकबॉक्सर, म्हणजे जमिनीवर गेला की संपला, असा सर्वांचा होरा. कोलमनने त्याला खाली पाडलंही. स्मिथ मात्र घाबरला नाही. खालून हात अडवत, ठोसे चुकवत त्याने कोलमनला दमू दिलं. पुढे कोलमनला हात वर धरणंही जड झालं आणि स्मिथ आरामात त्याच्या पायांवर लाथा मारत राहिला. २१ मिनिटांनंतर पंचांनी कौल स्मिथला दिला.

१९९९ मध्ये यूएफसीत पाच मिनिटांच्या फेऱ्या आणि दहा गुणांची पद्धत (फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ किंवा कमी) आली. २००० मध्ये न्यू जर्सीत एकीकृत नियम, म्हणजे सगळ्या स्पर्धांसाठी एकच नियमावली, लागू झाले. प्रत्येक फेरीचा हिशोब स्वतंत्र झाल्यामुळे शेवटच्या अर्ध्या मिनिटात पाडण्याला भाव आला. पहिल्या दोन फेऱ्या खिशात असलेला तिसरीत अंग राखून खेळू लागला. कंटाळवाणं वाटतं खरं, पण नियमच तसा आहे.

जपानमध्ये त्याच वर्षी उलटा प्रयोग झाला. ग्रेसी घराण्याच्या आग्रहाखातर फेऱ्यांवर मर्यादा न ठेवता हॉइस आणि जपानी लढवय्या काझुशी साकुराबा ९० मिनिटं लढले आणि ग्रेसींच्याच कोपऱ्यातून हार मानल्याचा टॉवेल आला. साकुराबा त्याच रात्री त्याच्याहून वजनदार इगोर वोव्चान्चिनसमोर पुन्हा उतरला. पंधरा मिनिटं टिकला, पुढे उभं राहण्याचं त्राण उरलं नाही.

२०११ पासून यूएफसीत किताब पणाला नसला तरी मुख्य लढत एरवीच्या तीनऐवजी पाच फेऱ्यांची असते. ऐनवेळी बदली म्हणून आलेल्याला तिथे सरावात न मोजलेली दहा मिनिटं जास्त काढावी लागतात.