राजांची थडगी खोदणाऱ्यांचे गाव

प्राचीन इजिप्तची गोडी लागलेला माणूस बहुधा पिरॅमिड, तुतानखामनचा सोन्याचा मुखवटा आणि ममी या वाटेने त्या इतिहासात शिरतो. ही वाट चुकीची नाही, परंतु ती राजांपाशीच संपते. त्या राजांची थडगी ज्यांनी कोरली आणि रंगवली, त्या माणसांचे जगणे जाणून घ्यायचे असेल, तर लक्सर शहरासमोर, नाईलच्या पश्चिम तीरावरील टेकड्यांत वसलेल्या देर अल-मदिना या गावाइतके समृद्ध ठिकाण दुसरे नाही, असे माझे ठाम मत आहे.

इ.स.पू. १५००च्या सुमारास वसलेल्या या गावात चारशेहून अधिक वर्षे थडग्यांचे कारागीर राहिले. भरभराटीच्या काळात गावाच्या भिंतीआड सुमारे ६८ घरे होती. गावात पाणी नव्हते. ते खालच्या सखल भागातून गाढवांवर लादून आणले जाई. कारागीर डोंगर ओलांडून राजांची थडगी असलेल्या ‘राजांच्या दरीत’ कामाला जात आणि दहा दिवसांच्या इजिप्शियन आठवड्यात कामाच्या रात्री वाटेवरच्या खोपट्यांत काढत. पपायरस, म्हणजे पाणवनस्पतीपासून बनवलेला कागद, महाग होता, पण चुनखडीच्या कपच्या थडगी खोदताना ढिगांनी निघत असत. म्हणून पत्रे, पावत्या, तक्रारी, कच्ची चित्रे, सारे काही लव्हाळ्याच्या कुंचल्याने आणि काळ्या शाईने या कपच्यांवर उतरत गेले. अभ्यासक अशा लिखित कपच्यांना आणि खापरांना ऑस्ट्राका म्हणतात.

गावाजवळ पाण्यासाठी खोदलेल्या एका प्रचंड खड्ड्याला पन्नास मीटरहून अधिक खोलीवरही पाणी लागले नाही आणि पुढे तो गावाच्या कचऱ्याने भरला. १९२२ ते १९५१ या काळात येथे उत्खनन करणाऱ्या बेर्नार ब्रुयेर या फ्रेंच संशोधकाला त्या कचऱ्यात पाच हजारांहून अधिक ऑस्ट्राका मिळाले. त्यांतील बहुतेक मजकूर हिएरॅटिक या झरझर लिहिण्याच्या लिपीत आहे. १८२२ मध्ये शाँपोल्यों या फ्रेंच विद्वानाने इजिप्शियन चित्रलिपीचे कोडे सोडवल्यामुळे ही लिपीही वाचता येऊ लागली, आणि यारोस्लाव चेर्नी या चेक विद्वानाने आपल्या आयुष्याचा मोठा भाग हे वाचन करण्यात घालवला. बऱ्याच नोंदींवर राजाच्या कारकिर्दीचे वर्ष, ऋतूतील महिना आणि दिवस असल्यामुळे गावातील एखाद्या विशिष्ट दिवशी काय घडले, हेसुद्धा सांगता येते.

ब्रिटिश म्युझियममधील एक मोठी कपची म्हणजे दुसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीतील ४०व्या वर्षाचे मस्टरच आहे. त्यावर चाळीस कामगारांची नावे आणि गैरहजेरीचे दिवस काळ्या शाईत असून कारणे वर लाल शाईत नोंदवलेली आहेत. कोणी आजारी होता, कोणाचे डोळे आले होते, कोणाला विंचू चावला होता, कोणी नातेवाइकाच्या अंत्यविधीत होता, तर कोणी घरी बीअर बनवत होता. पत्नीची किंवा मुलीची मासिक पाळी हेही पुरुषांच्या गैरहजेरीचे कारण म्हणून लिहिलेले आढळते.

नाणी नसल्यामुळे वेतन धान्यात मिळे. साध्या कारागिराला महिन्याला सुमारे ३०० लिटर भरेल इतका गहू आणि ११५ लिटर भरेल इतके जव मिळत. हा गहू म्हणजे आपल्याकडे खपली म्हणून ओळखली जाणारी जात. जवापासून मुख्यतः बीअर बनत असे. या धान्याच्या पुरवठ्यावर सारे गाव अवलंबून असल्यामुळे तो थांबला की उपासमारच ओढवे. तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५७च्या सुमारास, नेमके हेच घडले. इटलीतील तुरिनच्या संग्रहालयातील पपायरसनुसार कारागीर स्मशानभूमीच्या पाच भिंती ओलांडून बाहेर पडले, महिन्याचे अठरा दिवस उलटले आणि आम्ही उपाशी आहोत असे म्हणत एका राजाच्या स्मृतिमंदिरामागे जाऊन बसले. भूक आणि तहान यांनी आम्हाला इथे आणले आहे, कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, हे आमच्या धन्याला, फॅरोला, कळवा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना बजावले. पुढे ते रामेसियम या मंदिरातही शिरले, तेव्हा कुठे मागील महिन्याचे धान्य त्यांच्या हाती पडले. पुढील महिन्यांत हा प्रकार पुन्हा पुन्हा घडला. इतिहासात नोंद झालेला हा पहिला संप मानला जातो. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की फॅरोला देव मानणाऱ्या राज्यात आपली मागणी राजापर्यंत पोहोचलीच पाहिजे, असा या लोकांचा आग्रह होता.

स्त्रियांचा आवाजही येथे ऐकू येतो. पाचव्या रामसेसच्या तिसऱ्या वर्षी नौनाख्ते या वृद्धेने साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केले. मी फॅरोच्या देशातील स्वतंत्र स्त्री आहे, आठ मुले वाढवली, असे सांगून तिने म्हातारपणी आपली काळजी न घेणाऱ्या मुलांना स्वतःच्या मालमत्तेतून वगळले.

अलीकडे नोंदींच्या जोडीला शरीरांचाही अभ्यास होऊ लागला आहे. अ‍ॅन ऑस्टिन या संशोधिकेला येथील एका स्त्रीच्या ममीवर तीसहून अधिक गोंदणे आढळली. काळवंडलेल्या कातडीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या आकृती अवरक्त प्रकाशातील छायाचित्रांत स्पष्ट झाल्या. त्यांत संरक्षक डोळे, कमळे आणि हाथोर देवीशी जोडल्या जाणाऱ्या गाई आहेत.

मात्र या एका गावावरून साऱ्या इजिप्तचा अंदाज बांधू नये. येथील कारागीर राजाच्या नोकरीत होते, कुशल होते आणि त्यांच्यात लिहिता-वाचता येणाऱ्यांचे प्रमाण देशाच्या मानाने बरेच जास्त होते. शेतात राबणाऱ्या बहुसंख्य लोकांनी एकही ओळ मागे ठेवलेली नाही. तशा सामान्य लोकांविषयी अखेनातेन या फॅरोच्या राजधानीजवळ, अमार्ना येथे २००६ पासून उत्खनन झालेली दफनभूमी अधिक सांगते. तेथील सांगाड्यांत कुपोषणाच्या खुणा आहेत, मणक्यांना झालेल्या दुखापती आहेत आणि ओझी वाहून झिजलेले सांधे आहेत. पुरलेल्यांपैकी अनेक जण तर तरुण वयातच मेलेले आहेत.